मैदानाबाहेरचा खेळाडू आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जानेवारी २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल या दोन खेळाडूंना निलंबित करून मायदेशी परत पाठविण्यात आले. ६ जानेवारीला प्रसारित झालेल्या दूरचित्रवाणीवरील एका गप्पांच्या कार्यक्रमातील स्त्रियांविषयीची शेरेबाजी हे त्याचे कारण होते. प्रसारणापासून निलंबनापर्यंत अवघे पाच दिवस लागले. मात्र या प्रकरणाची चौकशी कोणी करावयाची, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते. क्रिकेट नियामक मंडळाच्या नव्या घटनेप्रमाणे असे प्रकरण लोकपालाकडे जावयास हवे होते आणि लोकपालाची नियुक्तीच झालेली नव्हती. परिणामी २४ जानेवारीला निलंबन मागे घ्यावे लागले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांना लोकपाल नेमले आणि एप्रिलमध्ये त्यांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला. त्यातील १० लाख रुपये निमलष्करी दलांतील दहा हुतात्मा कॉन्स्टेबलांच्या कुटुंबीयांना आणि १० लाख रुपये अंधांच्या क्रिकेटसाठीच्या निधीला द्यावयाचे होते. दोन्ही कामे चांगली आहेत, यात शंका नाही. परंतु अवमान झाला होता तो स्त्रियांचा, आणि दंडाच्या विनियोगाचा त्या अवमानाशी थेट संबंध नव्हता. कारवाई आधी, चौकशी अधिकारी नंतर आणि शिक्षेचा अपराधाशी संबंध जेमतेम, असा तो सारा प्रकार होता.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पतियाळातील एक घटना आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावर झालेल्या वादात त्या वेळचे कसोटीपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी एका वृद्ध गृहस्थांना मारहाण केल्याचा आरोप झाला. त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने १९९९ मध्ये सिद्धू यांना निर्दोष सोडले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये केवळ दुखापत केल्याचा दोष कायम ठेवून १,००० रुपये दंड केला आणि मृताच्या कुटुंबीयांच्या पुनर्विलोकन अर्जावर मे २०२२ मध्ये एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. घटना आणि अखेरचा निकाल यांच्यात तेहेतीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्यातील पहिली दहा वर्षे हे खेळाडू भारतीय संघातून खेळत होते.

शब्दांसाठी पाच दिवस आणि मृत्यूसाठी तेहेतीस वर्षे. या दोन प्रकरणांची तुलना करताना एक पथ्य पाळावे लागते. पहिली कारवाई क्रीडासंस्थेची होती, दुसरी फौजदारी न्यायालयांची. दोघांची कार्यपद्धती आणि कसोटी वेगळी असते. तरीही व्यावसायिक खेळाडूच्या मैदानाबाहेरील वर्तनाबद्दल त्याला कोण, कशासाठी आणि कोणत्या रीतीने जबाबदार धरणार, या प्रश्नाचे उत्तर घटना घडण्यापूर्वी लिहून ठेवलेले नसले की काय होते, हे या दोन्ही टोकांवरून दिसते.

उत्तरदायित्व नेमके कशासाठी?

या प्रश्नावर सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे की, खेळाडू हा तरुणांचा आदर्श असतो, म्हणून त्याने चांगले वागले पाहिजे. परीक्षेतील निबंधांतही हेच उत्तर सर्वाधिक आढळते. ते सोयीचे आहे, पण भक्कम नाही. अमेरिकी बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कले यांनी १९९३ मध्ये नायकी कंपनीच्या एका जाहिरातीत आपण कोणाचा आदर्श नाही, असे ठणकावून सांगितले होते. मुलांना वळण लावणे हे आईवडिलांचे काम, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर बरीच टीका झाली, पण त्यात तथ्य होते. चेंडू उत्तम फेकता येणे आणि आयुष्य उत्तम जगता येणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. शिवाय आदर्शत्व हाच निकष मानला तर त्याला शेवट राहत नाही. सिगारेट ओढणे, घटस्फोट घेणे, एखादे राजकीय मत मांडणे, या साऱ्यांचा जाब मग खेळाडूला द्यावा लागेल. तसे होणे कोणत्याही नागरिकाच्या खासगीपणाच्या हक्काशी विसंगत ठरेल.

यापेक्षा भक्कम आधार करारात सापडतो. व्यावसायिक खेळाडू केवळ कौशल्य विकत नाही, नावही विकतो. भारतीय क्रिकेट मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या वार्षिक करारांत श्रेणीनुसार १ कोटीपासून ७ कोटी रुपयांपर्यंतची रक्कम होती. ही रक्कम आणि तिच्याभोवती उभे राहणारे जाहिरातींचे उत्पन्न खेळाडूच्या प्रतिमेवर उभे असते. प्रतिमेचा मोबदला घेणाऱ्याने प्रतिमेची काही जबाबदारीही घेतली पाहिजे, हा साधा व्यवहार आहे. दुसरा आधार सार्वजनिक कार्याचा. ‘झी टेलिफिल्म्स’ प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने क्रिकेट मंडळ हे संविधानाच्या अनुच्छेद १२ खालील ‘राज्य’ नाही असे ठरविले. तरी ते सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करीत असल्याने अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, ही भूमिका २०१५ च्या बिहार क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात अधिक स्पष्ट झाली. देशाचे नाव लावून संघ निवडणाऱ्या संस्थेला संघातील माणसांच्या वर्तनाकडे डोळेझाक करता येत नाही, आणि त्यांना मनमानी शिक्षाही करता येत नाही.

तिसरा आधार फारसा चर्चिला जात नाही, आणि वस्तुतः तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो आहे सत्तेचा. नामवंत खेळाडूकडे शरीराची ताकद असते, पैशाची ताकद असते, आणि आपल्या क्षेत्रातील नवोदितांवर त्याचा शब्द चालतो. सिद्धू प्रकरणातील २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्याची विशेष दखल घेतली. मुष्टियोद्धा, कुस्तीगीर, क्रिकेटपटू किंवा अत्यंत तंदुरुस्त मनुष्य जेव्हा हात उगारतो तेव्हा तो हातच शस्त्र ठरू शकतो, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. ज्या शरीरासाठी खेळाडूचा गौरव होतो, त्याच शरीराच्या वापराबाबत त्याच्याकडून सामान्य माणसापेक्षा अधिक भान अपेक्षित आहे, असा त्याचा अर्थ होतो. येथे आदर्शाचा संबंध नाही. समोरच्या माणसाला पोहोचू शकणाऱ्या इजेचा आहे.

छत्रसाल स्टेडियम

या तिसऱ्या आधाराचे सर्वांत गंभीर उदाहरण दिल्लीतील आहे. सुशील कुमार हे ऑलिंपिकमध्ये दोन वैयक्तिक पदके मिळविणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. २००८ मध्ये बीजिंगला कांस्य आणि २०१२ मध्ये लंडनला रौप्य. ज्या छत्रसाल स्टेडियममध्ये ते घडले, तेथेच ते पुढे प्रतिनियुक्तीवर अधिकारी होते. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात याच स्टेडियमच्या आवारात झालेल्या मारहाणीत एका तरुण कुस्तीगीराचा मृत्यू झाला. दिल्ली पोलिसांनी सुशील कुमार यांची माहिती देणाऱ्यास १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि २३ मे रोजी त्यांना अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुनासह अन्य आरोप निश्चित झाले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला. आरोप खरे की खोटे, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु मृत मुलगा त्याच क्षेत्रातला होता आणि जागा सरकारी प्रशिक्षणाची होती, ही बाब विसरता येत नाही. खेळाडूच्या मैदानाबाहेरील वर्तनाचा विषय निघाला की चर्चा मद्यपान आणि रात्रीच्या मेजवान्या यांच्याभोवती फिरते. वास्तविक तिने अशा जागांपासून सुरुवात केली पाहिजे.

या प्रकरणात एक प्रशासकीय तपशील अभ्यासण्यासारखा आहे. सुशील कुमार हे उत्तर रेल्वेचे कर्मचारी होते आणि अटकेनंतर रेल्वेने त्यांना निलंबित केले. त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागली नाही की जनमताचा अंदाज घ्यावा लागला नाही. सरकारी सेवकाला ४८ तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहावे लागल्यास तो निलंबित झाल्याचे मानले जाते, ही केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील तरतूद आहे आणि रेल्वेच्या १९६८ च्या नियमांतही तशीच तरतूद आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम ३ सरकारी सेवकास न शोभणारे वर्तन करण्यास मनाई करतो. तेथे कार्यालयीन वेळेची अट नाही. भारतातील कुस्ती, हॉकी, कबड्डी, ॲथलेटिक्स या खेळांतील असंख्य खेळाडू रेल्वे, पोलीस, सेनादले आणि सार्वजनिक उपक्रमांत क्रीडा कोट्यातून नोकरी करतात. म्हणजे या देशात मैदानाबाहेरील वर्तनाविषयीची सर्वांत स्पष्ट नियमावली क्रीडासंस्थांकडे नसून सरकारी सेवेत आहे. लिलावात कोट्यवधी रुपये मिळविणाऱ्या क्रिकेटपटूपेक्षा रेल्वेतील तिकीट तपासनीस असलेल्या हॉकीपटूचे उत्तरदायित्व अधिक नेमके लिहिलेले आहे, ही विसंगती कोणाच्या फारशी लक्षात येत नाही.

बाजाराची शिस्त हा आणखी एक मार्ग मानला जातो. प्रायोजक करार रद्द करतात, खेळाडूचे नुकसान होते आणि संदेश पोहोचतो, असा युक्तिवाद केला जातो. पण बाजाराचा तराजू विचित्र आहे. गोल्फपटू टायगर वूड्स यांचे विवाहबाह्य संबंध २००९ च्या अखेरीस उघड झाले तेव्हा ॲक्सेंचर कंपनीने काही आठवड्यांत त्यांच्याशी फारकत घेतली. तो गुन्हा नव्हता. याउलट अमेरिकन फुटबॉलमधील डेशॉन वॉटसन यांच्यावर वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केलेले असताना मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने त्यांना पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला. वॉटसन यांनी आरोप नाकारले होते आणि टेक्सासमधील ग्रँड ज्युरींनी त्यांच्यावर फौजदारी खटला भरण्यास नकार दिला होता, हे खरे. पण कराराची रचना पाहण्यासारखी आहे: पहिल्या वर्षाचे मूळ वेतन सुमारे दहा लाख डॉलर इतकेच ठेवले गेले. निलंबनाच्या काळात मूळ वेतन कापले जाते. ते कमी असल्याने संभाव्य निलंबनाचा आर्थिक फटका आपोआप किरकोळ झाला. पुढे निवृत्त न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी सहा सामन्यांचे निलंबन सुचविले, लीगने त्याविरुद्ध अपील केले आणि अखेर ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंड यांवर तडजोड झाली.

घाईत दिलेली शिक्षा

क्रीडासंस्था कारवाई करीत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. लोकक्षोभ उसळला की त्या कारवाई करतात, बहुधा कठोर करतात. आणि ती टिकत नाही.

२००० सालचे मॅच फिक्सिंग प्रकरण हा याचा पहिला मोठा धडा. केंद्रीय अन्वेषण विभागाने त्या वर्षी अहवाल सादर केला आणि डिसेंबरमध्ये मंडळाने मोहम्मद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजीवन, तर अजय जडेजा यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जडेजा यांची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये उठविली. ९९ कसोटी सामने खेळलेल्या अझरुद्दीन यांच्यावरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरविली, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. ते दोषी होते असे मानणाऱ्याला न्याय मिळाला नाही आणि निर्दोष होते असे मानणाऱ्यालाही नाही. बारा वर्षे मात्र गेली.

अमेरिकेतील रे राइस प्रकरणात हेच दहा महिन्यांत घडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये या फुटबॉलपटूने आपल्या वाग्दत्त वधूला बेशुद्ध होईपर्यंत मारले. लीगने जुलैमध्ये दोन सामन्यांचे निलंबन केले. ही शिक्षा हास्यास्पद असल्याची टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये अशा प्रकरणांसाठी सहा सामन्यांचे किमान परिमाण जाहीर झाले. ८ सप्टेंबरला लिफ्टमधील चित्रफीत लोकांसमोर आली आणि त्याच दिवशी संघाने करार संपविला, लीगने बेमुदत निलंबन केले. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून ते रद्द केले, कारण एकाच कृत्यासाठी ही दुसरी शिक्षा होती. कृत्य जुलैतही तेच होते आणि सप्टेंबरमध्येही तेच. बदलले होते ते इतकेच की आता ते सर्वांना दिसले होते. राइस यांना पुन्हा कोणत्याही संघाने घेतले नाही. म्हणजे कायद्याने ते परत आले, व्यवहारात आले नाहीत.

भारतातील कायद्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त निर्णय एस. श्रीशांत यांच्या प्रकरणातला आहे आणि विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा. इंडियन प्रीमियर लीगमधील स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक झाली. सप्टेंबरमध्ये मंडळाने श्रीशांत आणि मुंबईचे अंकित चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीतील न्यायालयाने सर्वांना आरोपमुक्त केले. मग बंदी कशी राहील, असा प्रश्न आला. केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये ती उठविली, दोनच महिन्यांनी खंडपीठाने ती पुन्हा लागू केली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात दोन गोष्टी स्वच्छपणे वेगळ्या केल्या. फौजदारी खटल्यातून सुटका झाली म्हणून शिस्तभंगाची कारवाई आपोआप संपत नाही, कारण दोहोंतील पुराव्याची कसोटी भिन्न आहे. मात्र शिस्तभंग सिद्ध झाला म्हणून सर्वांत मोठी शिक्षाच द्यावी असेही नाही. मंडळाच्या स्वतःच्या संहितेत दोष वाढविणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या बाबींचा विचार करण्याची तरतूद होती आणि समितीने तो केलेला नव्हता. शिक्षेचा फेरविचार लोकपालांकडे आला, त्यांनी सात वर्षे ठरविली आणि बंदी सप्टेंबर २०२० मध्ये संपली. चव्हाण यांची बंदीही पुढे सात वर्षांवर आणण्यात आली.

निकाल लागेपर्यंत काय करावे?

सर्वांत अवघड प्रश्न मधल्या काळाचा आहे. आरोप गंभीर आहे, खटला उभा आहे, निकाल लागलेला नाही. खेळू द्यावे तर तक्रारदाराला तो उघड अवमान वाटतो, खेळू न द्यावे तर निर्दोषत्वाच्या गृहीतकाला अर्थ राहत नाही. खेळाडूचे कार्यजीवन दहा-पंधरा वर्षांचे असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीगने २०१९ च्या हंगामापूर्वी यावर एक स्पष्ट नियम केला. ज्या गुन्ह्यास ११ वर्षे किंवा अधिक शिक्षा होऊ शकते, असा आरोप दाखल झाल्यास खेळाडू आपोआप बाजूला होईल. त्याला दोषी मानले जाणार नाही, त्याचे वेतन पूर्ण चालू राहील, सरावही चालू राहील. लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेले जॅक डी बेलिन यांनी याला फेडरल न्यायालयात आव्हान दिले आणि मे २०१९ मध्ये ते हरले. पुढे त्यांच्या दोन खटल्यांतही ज्युरींनी त्यांना दोषी ठरविले नाही: काही आरोपांवर ज्युरींचे एकमत झाले नाही, एका आरोपातून सुटका झाली आणि २०२१ मध्ये उर्वरित आरोप मागे घेतले गेले. ते पुन्हा खेळू लागले, पण दोन वर्षांहून अधिक काळ गमावून. या नियमाची किंमत अशी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. तरीही प्रत्येक वेळी खेळाडू किती मोठा आहे हे पाहून निर्णय घेण्यापेक्षा सर्वांना सारखाच लागू होणारा, वेतन न कापणारा नियम अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

इंग्लंडने दुसरा मार्ग घेतला. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टल येथील मारामारीनंतर बेन स्टोक्स यांना त्या वर्षीच्या ॲशेस दौऱ्यास मुकावे लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरींनी त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर शिस्तपालन आयोगाने खेळाची प्रतिष्ठा कमी केल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी आणि ३०,००० पौंड दंड केला. बंदीचे सामने आधीच हुकलेल्या सामन्यांत धरले गेले. न्यायालयात सुटका आणि आयोगापुढे शिक्षा, यात वरवर दिसणारा विरोध श्रीशांत निर्णयाच्या प्रकाशात उरत नाही.

मात्र ऑस्ट्रेलियाचा नियम जसाच्या तसा भारतात आणता येणार नाही. तेथे आरोपापासून शेवटापर्यंत अडीच वर्षे लागली. येथे ती तेहेतीस लागू शकतात, हे पतियाळाच्या प्रकरणाने दाखविले आहे. खटला संपेपर्यंत बाजूला राहा, असे भारतीय खेळाडूला सांगणे म्हणजे कोणत्याही चौकशीविना आजीवन बंदी घालणे होय. यावर भारतीय सेवाविषयक कायद्यातच तोडगा उपलब्ध आहे. कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालू शकतात असे सांगितले. आरोप गंभीर व गुंतागुंतीचा असेल आणि दोहोंचा आधार एकच असेल तर चौकशी थांबविणे इष्ट. पण खटला रेंगाळला तर चौकशी पुन्हा सुरू करता येते, असेही त्यात नमूद आहे. क्रीडासंस्थांनी हेच तत्त्व स्वीकारून ठरावीक मुदतीत पूर्ण होणारी स्वतंत्र चौकशी ठेवली, तर मधला काळ वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजता येईल.

खासगी बाब

‘हा त्यांचा खासगी प्रश्न आहे’ हे वाक्य या विषयात वारंवार ऐकू येते. त्याची पारख करण्यासाठी उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांकडे पाहावे. नोंदणीकृत चाचणी गटातील खेळाडूला वर्षातील प्रत्येक दिवशी आपण कोठे असू हे आधी कळवावे लागते आणि दररोज एक तास ठरलेल्या ठिकाणी चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली तर बंदी येते, मग शरीरात काही सापडो वा न सापडो. भारतीय क्रिकेट मंडळाने २००९ मध्ये याच अटीस खासगीपणाचे कारण देऊन विरोध केला होता; ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र ते राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या कक्षेत आले. म्हणजे लघवीच्या नमुन्यासाठी खेळाडूच्या घराचे दार पहाटे ठोठावण्यास क्रीडाव्यवस्थेला संकोच वाटत नाही. त्याच घरातून मारहाणीची तक्रार आली की तीच व्यवस्था उंबरठ्याबाहेर थबकते.

मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमी यांच्यावर त्यांच्या पत्नीने अनेक आरोप केले. मंडळाने त्यांचा वार्षिक करार रोखला आणि आपल्या भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे चौकशी सोपविली. पैशाच्या व्यवहाराविषयीच्या आरोपात तथ्य न आढळल्याने त्याच महिन्यात शमी यांना करार मिळाला. शमी यांनी सारे आरोप नाकारले होते. घरातील आरोपांविषयी येथे काही सुचविण्याचा हेतू नाही. लक्षात घेण्याची गोष्ट इतकीच की मंडळाकडे त्या वेळी चौकशीचे जे साधन होते ते भ्रष्टाचाराचे होते, आणि म्हणून चौकशी भ्रष्टाचाराची झाली. करार रोखण्यामागे कोणता नियम होता, हे खेळाडूलाही कळले नाही आणि उर्वरित तक्रारींचे काय, हे तक्रारदारालाही नाही.

अमेरिकेतील बेसबॉल संघटनेने ऑगस्ट २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून कौटुंबिक हिंसाचार, लैंगिक अत्याचार आणि बालकांवरील अत्याचार यांविषयी संयुक्त धोरण स्वीकारले. फौजदारी दोषसिद्धीची अट त्यात नाही. चौकशीच्या काळात सवेतन रजा, तज्ज्ञांच्या मंडळाकडून उपचाराचा आराखडा आणि शिक्षेविरुद्ध लवादाकडे दाद, अशी त्याची रचना आहे. ट्रेव्हर बाउअर यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही, तरी २०२२ मध्ये ३२४ सामन्यांचे निलंबन झाले. लवादाने ते १९४ सामन्यांवर आणले. बाउअर यांनी आरोप अखेरपर्यंत अमान्य केले. शिक्षा कमी झाली पण उभी राहिली. अझरुद्दीन आणि राइस यांच्या शिक्षा कोसळल्या, ही टिकली. कारण नियम आधी लिहिला गेला होता आणि त्यावर खेळाडूंच्या संघटनेचीही सही होती. भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडूंची संघटना न्यायमूर्ती लोढा समितीच्या २०१६ च्या अहवालानंतर २०१९ मध्ये स्थापन झाली, परंतु ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज खेळणाऱ्यांच्या वतीने वाटाघाटीला बसणारे कोणी नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली असून क्रीडासंस्थांना आचारसंहिता, नीती समिती आणि तंटा निवारण समिती असणे बंधनकारक केले आहे. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरणाचाही त्यात समावेश आहे. कायद्याचा मुख्य भर संघटनांचा कारभार, निवडणुका आणि खेळाडूंच्या तक्रारी यांवर आहे. खेळाडूकडूनच इजा पोहोचलेल्या, पण स्वतः क्रीडाक्षेत्रात नसलेल्या व्यक्तीने, म्हणजे पत्नीने, शेजाऱ्याने, हॉटेलातील कर्मचाऱ्याने वा रस्त्यावरील वाटसरूने, नीती समितीकडे अर्ज करावयाचा झाल्यास तो स्वीकारला जाईल की नाही, हे प्रत्येक संघटनेने तयार करावयाच्या संहितेच्या मसुद्यावर अवलंबून राहणार आहे.